देव आनंदचा कोंबडा अजून पाडून मिळतो: सोलापुरात मधल्या मारुतीजवळच्या एका सलूनचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कापला तो गाडी लावायच्या बोंबेसाठी आणि कलपाच्या वासासाठी, बाकी तक्रार नाही. घाई असेल त्यांनी इथेच थांबून जाऊन या. टाइम असेल त्यांनी पुढं वाचा, लांबलंय जरा, कारण सलूनचा रिव्ह्यू लिहायला बसलो आणि निम्मा देव आनंदवरच झाला, पण त्या दुकानात बसून आलेल्या माणसाला दुसरं काही लिहिताच येणार नाही.

झालं असं की आमचे आप्पा. वय ८१, गिरणीत होते, गिरणी बंद पडून जमाना झाला पण पहाटे भोंग्याच्या टायमाला अजून जाग येते. माणसानं सगळं सोडलं, तंबाखू सोडली, चहातली साखर सोडली, कडक भाकरी दातामुळं सोडली, पण कपाळावरचा केसांचा कोंबडा, देव आनंदसारखा फुगवून मागं वळवलेला, तो सोडला नाही. त्यांच्या पाळीतले मित्र सगळे गुळगुळीत झाले आणि ह्यांच्या कपाळावर अजून मूठभर केस आहेत, तर ते रोज सकाळी पाणी मारून, बोटानं वर उचलून, कंगव्यानं मागं ढकलून बसवायचे, तेल नाही, तेलानं पडतो म्हणतात. दहा मिनिटं जातात त्यात. आई होती तेव्हा म्हणायची की कामगारांच्या संपात घरात पीठ नव्हतं तेव्हासुद्धा कोंबडा होता.

दिवाळीच्या आधी बायकोनं हौसेनं त्यांना एका एसी सलूनमध्ये नेलं. नाव नको. पोरगं चांगलं होतं, हसतमुख होतं, पण त्यानं विचारलंच नाही काही, मशीन लावली आणि बाजूनं सगळं साफ, वर तेवढं ठेवलं आणि त्यात जेल चोपडून साळिंदरासारखं उभं केलं. साडेतीनशे रुपये. आप्पा आरशात बघून एक शब्द बोलले नाहीत. घरी आले, कपाटातून टोपी काढली आणि संक्रांतीपर्यंत ती उतरवली नाही, गड्ड्याच्या यात्रेत सुद्धा टोपीतच. मला म्हणाले, "तू इंजिनीर झालास बे, पण तुला एक न्हावी सापडंना."

मग शोधाशोध. जुळे सोलापूरला दर दहा पावलांवर सलून आहे पण सगळीकडे तेच पोस्टर आणि तेच क्रिकेटवाल्यांचे कट. शेवटी आप्पांच्याच एका गिरणीतल्या दोस्तानं सांगितलं, टिळक चौकाकडनं मधल्या मारुतीकडं जाताना गल्लीत आत जा, देव आनंदवाला म्हणून विचार, कोणीही दाखवंल. बोर्डावरचं खरं नाव उन्हानं उडालंय, त्यामुळं मी पण देव आनंदवालाच म्हणणार.

दुकान म्हणजे किती, दोन खुर्च्या, एक बाकडं, एक पंखा. खुर्च्या जुन्या लोखंडी, मागं मान टेकायला उशीवालं, रेक्झीन फाटलंय तिथं चिकटपट्टी. एका बाजूला सिद्धरामेश्वरांचा फोटो, त्याला रोज ताजा हार, आणि उरलेल्या सगळ्या भिंतीवर देवसाहेब. कापलेली मासिकं, जुनी लॉबी कार्डं, कॅलेंडर, सगळं फ्रेम करून. आणि उगाच कुठंही लावलेलं नाही, सालवार लावलंय. डावीकडनं सुरुवात १९४६.

मालक, त्यांना सगळे मामाच म्हणतात, सत्तरीचे असतील. आप्पा खुर्चीत बसले, मामांनी अंगावर कापड टाकलं, मागं गाठ मारली आणि विचारलं, "साल कोणतं?"

मला वाटलं जन्मसाल विचारायलेत, म्हटलं चव्वेचाळीस. मामा माझ्याकडं आरशातनंच बघत म्हणाले, "चव्वेचाळीसला साहेबांचा पिक्चरच नव्हता ओ, सेहेचाळीसच्या पुढचं बोला."

तर सिस्टम अशी आहे. तुम्ही साल सांगायचं, ते त्या सालचा कोंबडा पाडतात. आप्पांना कोणी समजावून सांगावं लागलं नाही, त्यांनी पटकन सांगितलं, अठ्ठावन्न. 'काला पानी'चं साल, ज्याच्यासाठी पहिलं फिल्मफेअर मिळालं. मामांनी आप्पांच्या डोक्यात बोटं घालून केस मोजल्यासारखं केलं आणि नाही म्हणाले. अठ्ठावन्नला माल लागतो तेवढा नाही राहिला. मग दोघांची घासाघीस सुरू झाली, चाटी गल्लीत साडीची करतात तशी. मामा सदुसष्टवर आले, म्हणजे 'ज्वेल थीफ', त्यात टोपी असते, कमी केसात भागतं. आप्पा म्हणाले टोपीच घालायची तर तुझ्याकडं कशाला आलो. शेवटी त्रेसष्टवर मिटलं. 'तेरे घर के सामने'. मला तर साठच्या अलीकडचे-पलीकडचे सगळे कोंबडे सारखेच दिसतात पण ह्या दोघांना फरक कळत होता हे नक्की, त्रेसष्टला म्हणे उंची कमी झाली होती आणि भांग जरा खाली आला होता.

आता काम कसं करतात ते सांगतो कारण रिव्ह्यू आहे. मशीन नाहीच, सगळं कात्रीवर. आधी बाजू आणि मागचं, मानेवर वस्तऱ्यानं रेघ, कल्ले कानाच्या मध्यापर्यंत. मग पुढच्या केसाला हात लावायच्या आधी थांबतात आणि पंखा बंद करतात. मार्चमधल्या सोलापुरात पंखा बंद! बाकड्यावरची गिऱ्हाइकं काही बोलत नाहीत, सवय असावी. फवारा मारून केस ओले केले, कंगव्याची शेपटी आत घातली आणि डाव्या हाताची दोन बोटं पालथी धरून त्याच्यावरून केस मागं वळवले, आत पोकळी राहिली पाहिजे, सगळी कला तिथं आहे, दाबला की संपला. मग बोटं इतकी हळू बाहेर काढली की जसं तापल्या तव्यावरनं धिरडं सोडवतात. दोन मिनिटं कोणी बोललं नाही. मग पंखा चालू, आणि कोंबडा हलला नाही.

एवढ्या सगळ्याला पाऊण तास लागला आणि तेवढ्या वेळात मामांचं तोंड चालूच. ऐकायचं नसेल तर कानात काहीतरी घालून जा पण मला मजा आली. एखाद्या माणसाची अख्खी जिंदगी केसांवरनं सांगता येते हे मला माहीत नव्हतं. जन्म २६ सप्टेंबर १९२३, शकरगढ, तेव्हाचा गुरदासपूर जिल्हा, आता पाकिस्तानात गेलं. लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात इंग्रजी साहित्य घेऊन बीए आणि १९४३ ला फ्रंटियर मेलनं खिशात ३० रुपये घेऊन मुंबईत. चर्चगेटला मिल्ट्रीच्या सेन्सॉर ऑफिसात सैनिकांची पत्रं वाचायची नोकरी. मामांचं म्हणणं, लोकांची प्रेमपत्रं वाचून वाचूनच हा माणूस असा झाला. असेल बाबा.

पण मामांचा खरा अभिमान वेगळाच आहे, तो म्हणजे देव आनंद हिरो झाला तो आपल्या पुण्यात. ही गोष्ट मात्र शंभर टक्के खरी, पहिला पिक्चर 'हम एक हैं', १९४६, प्रभात कंपनीचा, बाबुराव पैंनी संधी दिली. तिथंच धोब्यानं शर्टांचा घोळ घातला आणि ह्याचा शर्ट त्याच्या अंगात गेला, तो म्हणजे गुरुदत्त, तोही तेव्हा प्रभातमध्येच डान्स बसवायला होता. दोस्ती झाली, शब्द दिला एकमेकांना की मी निर्माता झालो तर तू दिग्दर्शक आणि तू दिग्दर्शक झालास तर मी हिरो. शब्द पाळला पण. १९४९ ला मोठा भाऊ चेतन आनंद बरोबर घेऊन नवकेतन काढली आणि १९५१ ला 'बाज़ी' गुरुदत्तला दिला. आणि पुढं गुरुदत्तच्या कंपनीनं १९५६ ला 'सी.आय.डी.' काढला तर त्यात हिरो देव आनंद. मामा हे सांगताना कात्री हवेतच चालवत होते, कचकच कचकच, आणि आप्पा कापडाखालनं हात काढून, "धोब्याला कोणी विचारलं नाही बघ, त्याचंच सगळं देणं लागतं."

हिरॉईन सुरैयाचा विषय निघाला तेव्हा मात्र मामांनी आवाज खाली केला, जशी काय घरातलीच गोष्ट. सात पिक्चर केले दोघांनी, 'विद्या'पासनं, १९४८ ते १९५१. तिच्या आजीनं लग्नाला नाही म्हटलं म्हणजे नाही. ती जन्मभर तशीच राहिली, २००४ ला गेली. ह्यानं १९५४ ला 'टॅक्सी ड्रायव्हर'च्या शूटिंगमध्ये जेवणाच्या सुट्टीत कल्पना कार्तिकशी लग्न लावलं आणि परत कामावर. आप्पांना हा भाग लै आवडतो, पाळी न चुकवता लग्न, गिरणी कामगाराला ह्याच्यावर काय पाहिजे.

काळ्या कोटाचं पण झालं. काळा कोट घालून बाहेर फिरायला कोर्टानं बंदी केली, पोरी गच्चीवरनं उड्या टाकायच्या वगैरे. मामा ठाम. मी म्हटलं मामा ही गावगप्प आहे, कोणतं कोर्ट, कोणता जज्ज सांगा. तर वस्तरा आप्पांच्या मानेवर तसाच ठेवून माझ्याकडं वळून बघितलं. मी विषय सोडला. तुम्ही पण सोडा.

माझा नंबर आला. मी म्हटलं मला पासष्टचा करा, 'गाईड'. मामा म्हणाले, "पासष्टचा कुठला, आधीचा का नंतरचा? नंतरचा पाहिजे असंल तर सहा महिने येऊ नका."

हसलो पण खरं सांगू का, इथंच माझं आणि मामांचं जमलं नाही. मला देव आनंद आवडतो पण मला तो मान तिरकी करून, हात सोडून, झुलत झुलत चालणारा एवढ्यानं आवडत नाही. म्हणजे ते छानच, कॉलरचं वरचं बटण लावलेलं, गळ्यात रुमाल, दातातली ती फट, एका दमात आठ शब्द गिळून टाकायचे. 'काला बाज़ार', 'हम दोनो' कितीही वेळा बघू शकतो. 'हम दोनो'त तर डबल रोल, एक कॅप्टन आणि एक मिशीवाला मेजर, भिंतीवर दोन्ही शेजारी शेजारी लावलेत मामांनी. पण ह्या सगळ्यात तो देव आनंदच असतो. 'गाईड'मध्ये सुरुवातीला पण तोच असतो, उदयपूरला टुरिस्ट लोकांना फिरवणारा राजू, तीच चाल. मग वहिदाची रोझी नाचायला लागते, पैसा येतो, हा सूट घालून पत्ते खेळत बसतो, खोटी सही करतो, जेलात जातो. आणि मग दाढी वाढलेला, शाल पांघरलेला, गावकऱ्यांनी जबरदस्तीनं साधू केलेला आणि पावसासाठी बारा दिवस उपाशी. त्या शेवटच्या भागात कोंबडा नाही, मान हलवणं नाही, काहीच नाही, नुसता चेहरा, आणि तिथं तो माणूस नट म्हणून सगळ्यात उंच आहे. विजय आनंदनं, धाकट्या भावानं, त्याच्याकडनं त्याचीच स्टाईल काढून घेतली. आर. के. नारायण यांच्या कादंबरीवरचा पिक्चर, इंग्रजीतला वेगळा काढला तो पडला, हिंदीतल्याला सात फिल्मफेअर. एवढं असून बर्मनदांच्या त्या गाण्यांना मिळालं नाही त्या साली, अजून राग येतो.

मी हे बोललो तर मामा म्हणाले दाढीवाला काय कोणी पण करंल. दिलीपकुमार करंल. मला बोलायला काही ठेवलंच नाही.

पण आप्पा बाकड्यावर बसले होते, कोंबडा सांभाळत, मान ताठ. ते म्हणाले, बहात्तरच्या दुष्काळात मी गावाकडं गेलो होतो, मंगळवेढ्याकडं, आपली मावशी रोजगाराच्या कामावर खडी फोडत होती, सगळ्यांना खायला सुकडी वाटायचे, वर आभाळ नुसतं पांढरं. तेव्हा मला तो पिक्चरमधला साधूच आठवला, म्हटलं असा कोणी एखादा आपल्याकडं पण बसला पाहिजे. मामा काही बोलले नाहीत. माझ्या कानामागचं कापत राहिले. दुष्काळाचं सोलापूरवाल्याला समजावून सांगावं लागत नाही.

मग मी भिंतीकडं बघत होतो तर लक्षात आलं की फोटो १९७८ ला संपतात. 'जॉनी मेरा नाम' आहे, सत्तरचा, हेमाबरोबरचा, आप्पांनी शेवटचा खेळ तीनदा पाहिलेला. 'हरे रामा हरे कृष्णा' आहे एकाहत्तरचा, झीनतचा मोठा फोटो आणि हा कोपऱ्यात. 'देस परदेस' आहे. पुढं भिंत मोकळी. जागा आहे भरपूर, चुना पण लावलाय. मी विचारलं पुढचे कुठं आहेत, माणूस तर २०११ पर्यंत पिक्चर काढत होता, 'चार्जशीट' आला तेव्हा ८८ चा होता आणि त्याच डिसेंबरात तीन तारखेला लंडनला गेला. मामा कात्री पुसत म्हणाले, "पुढचे केस आपल्याला पटले नाहीत."

मला आधी हसू आलं. मग वाटलं हे त्या माणसावरचं सगळ्यात खरं समीक्षण आहे, आणि ते एका कारागिराकडनं आलंय. साठीच्या वर गेल्यावर पण तसाच कोंबडा, तसाच स्कार्फ, पिक्चरचं नाव 'हम नौजवान', आणि वय ६२. केसांनी वय कबूल केलं नाही की चेहरा खोटा दिसायला लागतो, मामांनी रोज आरशात हेच बघितलं असणार, गिऱ्हाईक बसतंय आणि तीस वर्षं मागं जायचं म्हणतंय. म्हणून तर आप्पांना अठ्ठावन्न दिला नाही, त्रेसष्ट दिला. नाही म्हणणारा न्हावी देवसाहेबांना कोणी भेटला नसावा. आप्पांना हे पटलं नाही बरं का. ते म्हणाले मी पुढचे पण पाहिले, एकदा थेटरात आम्ही सात जण होतो, सात म्हणजे सात, पण तो पडद्यावर आला की मला माझी पाळी सुटल्यासारखं वाटायचं. मग दोघांची जुंपली परत, पंखा चालू होता तरी.

जाता जाता मामांनी दारापर्यंत येऊन अजून एक सांगितलं, नटी शशिकला आपल्या सोलापूरची, तिचा एक पण फोटो मी लावला नाही ही माझी चूक आहे. मी म्हटलं मोकळ्या भिंतीवर लावा. विचार करतो म्हणाले.

आता कामाचं. रेट: कटिंग ८०, दाढी ५०, कोंबड्याचे वेगळे घेत नाहीत, उलट कोंबडा नको म्हणणाऱ्याकडं जरा वाईट नजरेनं बघतात. कलप १५०, पण वास नाकात दोन दिवस राहतो, त्यापेक्षा पांढराच बरा, आप्पांनी पांढऱ्यावरच पाडून घेतला आणि छान दिसतोय. चंपी मागू नका, कोंबडा झाल्यावर तर अजिबात मागू नका, एकानं माझ्यासमोर मागितली आणि बोलणी खाल्ली. दाढीनंतर तुरटीचा खडा, लोशन वगैरे नाही, झोंबतं. दुसऱ्या खुर्चीवरचा कारागीर तरुण आहे, हात चांगला आहे, त्याच्याकडं हल्लीचे कट पण मिळतात, मामा दुसरीकडं बघतात तेवढ्या वेळात. सोमवारी बंद. रविवारी सकाळी दीड तास धरून जा, सणाच्या आधी जाऊच नका. स्कॅनर आहे, 'ज्वेल थीफ'च्या टोपीखाली चिकटवलाय, नीट बघितला तर दिसतो. गाडी गल्लीत लावू नका, भाजीवाल्या मावश्या हाकलतात, टिळक चौकातच लावून चालत या.

आणि म्हातारं माणूस घेऊन जाणार असाल तर एक हिशोब आधीच करून ठेवा. आप्पा माझ्या गाडीवर बसायला तयार झाले नाहीत, हेल्मेट घालणार नाही म्हणाले आणि वाऱ्यानं पण पडतो म्हणाले, मग रिक्षा केली, दोन्ही बाजूचे पडदे सोडायला लावले, ते आत मान ताठ धरून आणि मी मागनं गाडीवर विजापूर रोडपर्यंत. म्हणजे कटिंगचे ८० आणि रिक्षाचे ९०.